शून्य युरोचा कण

जिनिव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या जमिनीखाली 27 किलोमीटर घेराचा एक गोल बोगदा आहे. त्यातली चुंबकं उणे 271 अंश सेल्सियसला ठेवलेली असतात. तारे-ग्रहांमधल्या पोकळीहूनही गार! हे सर्न या युरोपीय कणभौतिकी संशोधन संस्थेचं कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र, लार्ज हॅड्रॉन कोलायडर. 1964 साली कागदावर मांडलेला हिग्ज कण 2012 मध्ये सापडला तो इथंच. आता मिलान विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ मास्सिमो फ्लोरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय विचारलं बघा: हे सगळं परवडलं का?

पुलाचा हिशेब सोपा. किती गाड्या गेल्या, किती तास वाचले, मोजा. पण विश्वाच्या घडणीतला एक कण सापडला, तर त्याची किंमत कोण ठरवणार?

2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात याचं उत्तर आहे, आणि ते वाचून मी उडालोच. त्यांनी हिग्ज कणाची किंमत धरली शून्य! उद्या या शोधातून काय निघेल हे आज कुणालाच ठाऊक नाही, मग एक युरोसुद्धा जमेला धरायचा नाही. सर्नमध्येच जन्मलेलं वर्ल्ड वाइड वेबही हिशेबात नाही, कारण ते या यंत्राच्या आधीचं.

मग जमेला उरलं काय? 1993 ते 2025 या काळाचा खर्च साडेतेरा अब्ज युरो. समोर फायदा 16.4 अब्ज! आकडे अनिश्चित, म्हणून संगणकावर ते हजारो वेळा उलटसुलट करून पाहिले, तर दहापैकी साधारण नऊ वेळा हिशेब नफ्यातच गेला.

या फायद्यातला सर्वांत मोठा वाटा, सुमारे एक तृतीयांश, आहे तिथं शिकून गेलेल्या तरुणांचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसह जगभरच्या संस्थांमधून पोरं इथल्या प्रयोगांवर राबतात. त्यांतली कित्येक पुढं बँकांत, सॉफ्टवेअरमध्ये, कारखान्यांत जातात आणि या अनुभवामुळं जन्मभर थोडा जास्त पगार मिळवतात. तो जास्तीचा पगार म्हणजे फायदा. जवळजवळ तेवढाच वाटा तंत्रज्ञानाचा. असली चुंबकं कुणी कधी बनवलीच नव्हती. ती बनवता बनवता पुरवठादार कंपन्या जे शिकल्या, ते त्यांनी इतर गिऱ्हाइकांनाही विकलं.

आणि शोधनिबंध? ज्यांच्यासाठी शास्त्रज्ञ रात्री जागवतात, त्यांचा वाटा जेमतेम दोन टक्के. बिचारे!

खरी गंमत मात्र एका विचित्र रकान्यात आहे. 1989 साली अलास्काच्या किनाऱ्याजवळ 'एक्सॉन व्हाल्डेझ' जहाजातलं तेल सांडलं, त्यानंतर अलास्काबाहेरच्या अमेरिकनांना विचारलं होतं: असा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही किती पैसे द्याल? लोक द्यायला तयार होते! एखादी गोष्ट आपल्या उपयोगाची नसली तरी ती नुसती असावी, एवढ्यासाठी माणूस खिशात हात घालतो. मिलानच्या मंडळींनी असाच प्रश्न युरोपातल्या चार देशांतल्या हजारभर विद्यार्थ्यांना केला. नवं काही कळावं, एवढ्याचसाठी तुम्ही वर्षाला किती द्याल? उत्तरांवरून हिशेब मांडला आणि रक्कम निघाली 3.2 अब्ज युरो.

मला हा आकडा जरा कच्चाच वाटतो. प्रश्नावलीत उदार होणं सोपं असतं, पाकीट उघडणं अवघड. पण तो बाजूला काढून बघा. 16.4 मधून 3.2 गेले, उरले 13.2, आणि खर्च होता 13.5. म्हणजे अख्खा नफा टिकून आहे तो ज्यांना या यंत्रातून पगार, कंत्राट, निबंध यांपैकी काहीच मिळणार नाही, अशा माणसांच्या कुतूहलावर!

सर्न आता 91 किलोमीटर घेराच्या नव्या यंत्राचा आराखडा घेऊन उभं आहे. सदस्य देशांच्या सरकारांपुढं त्याचा खर्च मांडताना हा रकाना पुन्हा भरावा लागेल.