खेळांचं अर्थकारण (भाग ७) : प्रकाशक गेला, त्याचं काम उरलं

मागच्या आठवड्यात आपण व्हिडिओ गेमच्या प्रकाशकाचा करार पाहिला. प्रकाशकाचा पैसा म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादमाने दिलेली उचल. आधी हातात पडते, मग कामातून फिटते. गेम विकला जाऊ लागला की पहिल्यांदा ही उचल वळती होते आणि ती फिटल्यावरच स्टुडिओला रॉयल्टी सुरू होते. दरम्यान टप्प्याटप्प्याने काम दाखवायचं, पसंत पडलं तर पुढचा हप्ता घ्यायचा.

गेम बनवणाऱ्या टिम शेफरने हा जाच पुरेपूर भोगला होता. लुकासआर्ट्स या गेम कंपनीतून बाहेर पडून त्याने २००० साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘डबल फाइन’ ही स्वतःची कंपनी काढली. तिचा पहिला गेम ‘सायकोनॉट्स’ मायक्रोसॉफ्टने मध्येच सोडला. तो २००५ मध्ये मजेस्कोने काढला. ‘ब्रूटल लेजंड’ ॲक्टिव्हिजनने सोडला, ईएने घेतला, तेव्हा ॲक्टिव्हिजनने वर खटलाही भरला!

त्यामुळे फेब्रुवारी २०१२ मध्ये शेफर किकस्टार्टर या लोकवर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरून थेट लोकांकडे गेला. हवा होता जुन्या धाटणीचा पॉइंट-अँड-क्लिक साहसी गेम, जो प्रकाशकांच्या लेखी केव्हाच मेला होता. मागणी चार लाख डॉलरची : तीन लाख गेमला, एक लाख त्याच्या निर्मितीवरच्या माहितीपटाला. ही रक्कम नऊ तासांच्या आत जमली. महिनाभरात ८७ हजारांहून जास्त लोकांनी मिळून ३३ लाख डॉलर दिले.

आणि नेमकं तिथेच बिनसलं. पैसा आठपट आला म्हणताच गेमही फुगला. ऑक्टोबर २०१२ चा वायदा मागे पडला. जुलै २०१३ मध्ये शेफरने वर्गणीदारांना कळवलं, की एवढे पैसे पुरणार नाहीत. गेमचे दोन भाग करू आणि पहिला विकून दुसरा पुरा करू. ‘ब्रोकन एज’ असं नाव मिळालेल्या या गेमचा पूर्वार्ध जानेवारी २०१४ मध्ये आला, उत्तरार्ध एप्रिल २०१५ मध्ये. माझ्या मते इथे कमी होती ती कात्री चालवणाऱ्याची. हा प्रसंग काढा, ते पात्र नको, असं बजावणारा माणूस प्रकाशक पगार देऊन नेमतो. ८७ हजार वर्गणीदार असं काही म्हणत नाहीत. ते उत्साहाने आणखी मागतात.

शिवाय या वर्गणीदाराची जागा विचित्र आहे. त्याला गेमची प्रत मिळते, फार तर टी-शर्ट आणि श्रेयनामावलीत नाव. नफ्यात वाटा नाही. गेम रखडला तर हप्ता रोखायचा अधिकार नाही, कारण पैसा एकरकमी देऊन झालेला असतो. प्रकाशकाने अंगावर घेतलेली जोखीम त्याच्याकडे आली, प्रकाशकाचे अधिकार मात्र आले नाहीत. किकस्टार्टर आपले पाच टक्के कापून घेतं, कार्डाचा खर्च वेगळा, आणि जगभर टी-शर्ट पाठवायचं टपाल स्टुडिओच्याच बोकांडी.

म्हणून हळूहळू या पैशाचं काम बदललं. ऑब्सिडियन या स्टुडिओने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’साठी जवळजवळ ४० लाख डॉलर गोळा केले, पण गेम बाजारात नेला तो पॅराडॉक्स या प्रकाशकानेच. शेफरने ‘सायकोनॉट्स २’साठी फिग या दुसऱ्या वर्गणीच्या संकेतस्थळावर ३८ लाख डॉलर उभे केले, तिथे वर्गणीदारांबरोबर वाटा घेणारे गुंतवणूकदारही होते. तरी स्टारब्रीझ या प्रकाशकाचा पैसा लागलाच आणि २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने अख्खी डबल फाइनच विकत घेतली. लोकांची वर्गणी आता गिऱ्हाईक असल्याचा पुरावा म्हणून प्रकाशकाच्या टेबलावर ठेवली जाते.

पण हा पुरावा कुणाला गोळा करता येतो? शेफरच्या हाकेला ओ देणारे लोक त्याच्या जुन्या खेळांवर वाढले होते, आणि ते खेळ त्यांच्यापर्यंत पोचवले होते प्रकाशकांनी. नव्या माणसाकडे ही शिदोरी नसते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०१७ मध्ये ‘राजी’ या गेमसाठी किकस्टार्टरवर मोहीम केली. ठरलेली रक्कम जमली नाही आणि तिथल्या नियमाप्रमाणे हाती काहीच आलं नाही. पुढे संस्थापकांमधल्या एकाने फ्लॅट विकला, तेव्हा काम चालू राहिलं; मग सुपर डॉट कॉम हा प्रकाशक मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या नामांकनात त्याचं नाव होतं.

फिगच्या गुंतवणूकदारांचा वाटा कसा आखला होता, ते पुढच्या भागात.