गडावरचा काळा पक्षी कोणता?

सिंहगड-राजगडाच्या वाटेवर खडकावर बसलेला छोटा काळा पक्षी दिसला की पहिला प्रश्न रंगाचा निघतो, आणि घोळही तिथंच होतो. कारण त्या उतारांवर काळे नर एक नाही, तीन जातींचे असतात: चीरक, गप्पीदास आणि युवराज. म्हणून रंग नंतर. आधी तो बसतो कसा, शेपटीचं काय करतो, हे पाहावं.

चीरकाची शेपटी बहुतेक वेळ उभारलेली असते आणि तिच्याखाली तांबूस रंग असतो. गप्पीदास चिमणीहून लहान. झुडपाच्या शेंड्यावर टेहळणी करतो, किडा दिसला की जमिनीवर झेपावतो आणि पुन्हा शेंडा गाठतो. उडाला की पंखांवरचा आणि कमरेवरचा पांढरा रंग चमकून जातो. युवराजाचे पंख आणि शेपटी विटकरी, डोक्यावर टोकदार तुरा. तो भारीट कुळातला, त्यामुळे चोचही दाणे फोडणारी, जाड. पावसाळ्यात खडकाळ उतारांवर उंच जागा धरून गाणारा हा देखणा नर एकदा नीट पाहिला की विसरणं अशक्य!

माद्या तिन्ही जातींच्या तपकिरी. तिथं रंगाची मदत फारशी होत नाही. युवराजाच्या मादीचा आखूड तुरा आणि चीरकाच्या मादीची उभी शेपटी मात्र दगा देत नाहीत.

खरी परीक्षा हिवाळ्यात. उत्तरेकडून येणारे पर्णवटवटे झाडांच्या शेंड्यांत पानापानांतून किडे टिपत फिरतात. वजन दहा ग्रॅमही नाही, अंग हिरवट, भुवई फिकी, आणि सगळे सारखेच. इथं कानच उपयोगी पडतो. इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ मध्ये, दुर्बिणीचा आधार नसताना, अशाच तीन एकसारख्या वटवट्यांना त्यांच्या गाण्यांवरून वेगळं ओळखलं होतं.

पक्षी समोर असेपर्यंत पुस्तकात डोकं घालू नये. आकार, चोच, शेपटी, जागा, आवाज यांची दोन ओळींत नोंद करावी, जमल्यास आवाज मोबाइलवर टिपावा आणि मग शोध घ्यावा. मात्र पक्षी जवळ यावा म्हणून त्याच जातीचा आवाज वाजवू नका, विणीच्या काळात तर मुळीच नाही. नर त्याला प्रतिस्पर्धी समजून पिलांना भरवणं सोडून धावून येतो.