रामचंद्र गणेश आणि खाडीची सरहद्द

नारायणरावांचा खून, बारभाईंचे कारस्थान, सुरतेचा तह हे सारे वाचकांना ठाऊक आहे; ते सोडून देतो. त्या भाऊबंदकीत पेशवाईने उत्तर कोकणची सरहद्द गमावली ती १७७४च्या डिसेंबरात. हरिपंत फडक्यांची फौज राघोबादादांच्या पाठलागात गुंतली असताना इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि त्यापाठोपाठ साष्टी व उरणचे करंजा बेटही घशात घातले. न्हावा शेव्यासमोर घारापुरी, दक्षिणेला करंजाचा डोंगर. आज कंटेनरची जहाजे लागतात ते हे पाणी तेव्हा मुंबईकरांचे अंगण झाले. त्यामुळे १७८०च्या डिसेंबरात वसई पडली, याचा जाब रामचंद्र गणेश कानडे यांना विचारणे मला पटत नाही.

हे रामचंद्रपंत हाडाचे घोडेस्वार. पानिपतानंतर १७६९मध्ये उत्तरेत गेलेल्या मोहिमेचे सरदार. इंग्रज सेनापती गोडार्डने वसईला वेढा घातला, तेव्हा नाना फडणीसांनी रामचंद्रपंतांना कोकणात उतरवले. गोडार्डला रसद समुद्रातून मिळत होती. ती तोडायला घोडा काय कामाचा? कुमक वसईपर्यंत न्यायची तर वाटेत इंग्रज अधिकारी हार्टलेची पलटण आडवी. वज्रेश्वरीजवळ दुगाडला दोन्ही बगला टेकड्यांवर टेकवून तो बसला होता. अशा जागी घोडदळाचा मारा चालत नाही. म्हणून १२ डिसेंबरला दाट धुक्याचा आडोसा घेऊन रामचंद्रपंत अरब पायदळ आणि नरोन्हा या पोर्तुगीज अधिकाऱ्याची पलटण घेऊन चालून गेले. ऐन वेळी धुके फाटले, इंग्रजांच्या तोफांना निशाण सापडले. रामचंद्रपंत पडले, नरोन्हा जखमी झाला. वसई आदल्याच दिवशी शरण गेली होती.

कोणी म्हणेल, याच घोडदळाने १७७९मध्ये वडगावला इंग्रजांना गुडघे टेकायला लावले आणि १७८१मध्ये गोडार्डला बोरघाटातून पनवेलपर्यंत पिटाळले. खरे आहे. पण त्या दोन्ही वेळा शत्रू पाणी सोडून आत आला होता. त्याचे दाणावैरण बैलांच्या पाठीवर होते, ते लुटता येत होते. खाडीच्या काठावर तो डाव बसत नाही. आरमार होते ना, असाही आक्षेप येईल. पेशव्यांचे आरमारी सरदार धुळप यांचे होते, पण विजयदुर्गाला. त्याआधी १७५६मध्ये इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळू दिले ते नानासाहेब पेशव्यांनीच. माझ्या मते, किनाऱ्याचे दार आतून उघडले ते तेव्हा.

१७ मे १७८२च्या सालबाईच्या तहाने वसई पेशव्यांना परत मिळाली; साष्टी, घारापुरी, करंजा आणि हॉग ही मुंबईभोवतालची बेटे मात्र इंग्रजांकडेच राहिली.