समाजशास्त्रासोबत फ्रेंच-जर्मन कशाला?

समजा, कफ परेडच्या मच्छीमार नगरमधल्या कोळी घरातली मुलगी बीएला समाजशास्त्र घेतेय. जोडीला परदेशी भाषा घ्यावी का? नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयासोबत दुय्यम विषयही असतो, म्हणून हा प्रश्न अनेकांना पडतो.

फायदा काय?
समाजशास्त्राचे मूळ ग्रंथ बरेचसे फ्रेंच-जर्मनमध्ये आहेत. डर्कहाइमचं आत्महत्येवरचं पुस्तक १८९७ चं. इंग्रजीत आलं १९५१ मध्ये. फ्रेंच येणाऱ्यांना ५४ वर्षं थांबावं लागलं नाही.

मुंबईतून कुणी हा रस्ता धरला?
मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. तिथे घुर्येंकडे शिकलेल्या इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मानववंशशास्त्रात पीएचडी करून परतल्या आणि भारतातल्या नातेसंबंधांवर मोठं काम केलं.

अडचण कुठे?
भाषेला रोज सराव लागतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ती येत नाही. शिवाय प्रत्येक कॉलेजात ही जोडी मिळतेच असं नाही. प्रवेशाआधी विचारा.

आणि उद्या आपल्याच कोळीवाड्याचा अभ्यास करायचा झाला, तर पहिली लागेल ती कोळी बोली. ती तिला घरातूनच मिळालीय.