वारसाचा कागद (लेखांक ६) : सातबाऱ्यावर नाव लागले, पण हक्काचे काय?

तळेगाव ढमढेरे परिसरात जमिनीचा सौदा ठरला की खरेदीदाराचा वकील आधी जुने फेरफार काढायला लावतो. शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावच्या कारखान्यांमुळे इथे गुंठ्यागुंठ्याला भाव आला आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीची वारसनोंद पुन्हा तपासली जाऊ लागली. आजोबा वारले तेव्हा भोगवटादार सदरी फक्त मुलांची नावे चढलेली असतात. मुलींची नावे ‘इतर हक्क’ सदरात गेलेली असतात, नाहीतर फेरफारात मुळीच नसतात. मग आत्याची सही लागेल असे वकील सांगतो आणि घरातून उत्तर येते: सातबारा आमच्या नावावर आहे, तिचा काय संबंध?

संबंध आहे. फेरफार ही महसुली नोंद आहे. सारा कोणी भरायचा, कब्जा कोणाचा, एवढेच ती प्रामुख्याने सांगते. तिने मालकी निर्माण होत नाही आणि एखादे नाव गळाले म्हणून त्या माणसाचा हक्कही संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत स्पष्ट केले आहे.

हिशेब करून पाहू. समजा, स्वतः कमावलेली पाच एकर जमीन मागे ठेवून एक शेतकरी मृत्युपत्र न करता वारला. मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे हे पाचही जण पहिल्या वर्गाचे वारस आहेत. प्रत्येकाला एक एकर. मुलीचे लग्न झाले, लग्नात खर्च झाला, दागिने घातले, यापैकी कशानेही तिचा एकर कमी होत नाही. म्हाताऱ्या आईचा हिस्सा तर बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानातही नसतो.

वडिलोपार्जित जमिनीचा मार्ग वेगळा आहे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायक मानले, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. केंद्राच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने ती अट गेली. पुढे ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा हक्क जन्मानेच मिळतो. २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा मात्र कायम राहतो. ‘आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली’ एवढे म्हणून भागत नाही. त्याला सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार लागतो.

बँकेतल्या पैशांबाबतही असाच गैरसमज आहे. ज्याचे नाव नॉमिनी, त्याचे पैसे, असे लोक धरून चालतात. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २७ जून २०११ रोजी मृत्युपत्र केले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडांत त्यांची कोट्यवधींची गुंतवणूक होती. त्यांतल्या काहींवर नॉमिनी नेमलेले होते, आणि ती रक्कम आता नॉमिनीची की वारसांची, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल आला: नॉमिनी होण्याने मालकी मिळत नाही, वारसा ठरतो तो मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. विम्याच्या रकमेबद्दल न्यायालयाने १९८३ मध्येच सरबती देवी खटल्यात हेच म्हटले होते. बँकेने नॉमिनीला पैसे दिले की बँक मोकळी होते. नॉमिनीने ते वारसांपर्यंत पोचवायचे असतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात, पण म्हणून ते चौघे मालक होत नाहीत.

म्हणूनच मृत्युपत्राला मोल आहे. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही. पण गावाकडच्या वादांचा अनुभव पाहता दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतलेली बरी. सक्तीची आहे ती दोन साक्षीदारांची सही. करणाऱ्याने सही किंवा अंगठा केलेला त्यांनी पाहिलेला असावा, अथवा ही सही आपलीच असे त्याने त्यांना सांगितलेले असावे. त्यांनीही त्याच्यासमोर सही करायची. वाद कोर्टात गेला तर साक्षीला यायला दोघांपैकी किमान एक जण लागतो. समवयस्क मित्राऐवजी वयाने लहान, मिळकतीशी संबंध नसलेला माणूस निवडावा तो यासाठी. करणारा थकलेला असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा. वडिलोपार्जित जमिनीपैकी फक्त स्वतःचाच हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, हेही लिहिताना विसरू नये.

प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर. हिंदूंच्या बाबतीत ही सक्ती मुख्यतः मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या शहरांपुरती होती. त्यामुळे गावची जमीन आणि मुंबईतली खोली एकाच मृत्युपत्रात आली, की खोलीसाठी उच्च न्यायालय गाठावे लागे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ती सक्तीची तरतूद, भारतीय उत्तराधिकार कायद्याचे कलम २१३, वगळली. वाद असेल तर प्रोबेट आजही मागता येते.

मृत्युपत्रच नसेल तर ठेवी, शेअर आणि येणे रकमांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. कोर्टाचा वारस दाखला मिळतो तो मुंबई विनियम ८, सन १८२७ खाली. पेशवाई संपून नऊ वर्षांनी झालेला हा नियम महाराष्ट्रात अजून वापरात आहे.

शेतजमिनीसाठी पहिले काम ठरलेले आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे) किंवा ई-हक्क प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज करायचा. सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ. नोटीस निघते, हरकतींसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. वंशावळीत लग्न झालेल्या मुली, मृत मुलीची मुले, विधवा सून, सगळ्यांची नावे यायला हवीत. आज गाळलेले नाव उद्या खरेदीखत अडवते आणि त्याहून वाईट म्हणजे बहीण-भावाला कोर्टाच्या दारात उभे करते.

भावाच्या प्रेमापोटी हिस्सा सोडायचा असेल तर बहिणीला तसे करता येते. पण त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत, ‘वारसनोंदीला लागते’ म्हणून पुढे सरकवलेल्या कागदावर तिने सही करू नये. कागद आधी घरी न्यावा, वाचावा, स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला दाखवावा.

(पुढील लेखांकात: हक्कसोडपत्र. ते कोणाच्या नावे होते, मोबदला घेता येतो का, आणि फसवून घेतलेली सही रद्द कशी करायची?)