पग की लॅब्रेडॉर?

मागच्या व्याख्यानानंतर इथल्या पूर्णगडच्याच एका गृहस्थांनी मला वाटेत गाठलं. म्हणाले, "सर, मुलगा मुंबईहून सारखा म्हणतोय, तुम्ही दोघंच असता, सोबतीला कुत्रा पाठवतो. पग पाठवू की लॅब्रेडॉर? आता तुम्हीच सांगा." मला हसू आलं. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि प्रश्न आला तो कुत्र्याचा! पण घरी आल्यावर लक्षात आलं, हा प्रश्न मैत्रीचा आहे. म्हणजे आमच्याच विषयातला.

ॲरिस्टॉटल मैत्रीचे तीन प्रकार सांगतो. एक उपयोगापुरती, दुसरी मौजेपुरती, आणि तिसरी, ज्यात आपण समोरच्याचं भलं त्याच्यासाठीच इच्छितो. पहिल्या दोन लवकर तुटतात. उपयोग संपला की मैत्री संपली. कुत्र्यांच्या बाबतीत हेच होतं बघा. राखणीला म्हणून लॅब्रेडॉर आणतात, आणि तो परक्यापुढेही शेपटी हलवतो. 2003 च्या सुमारास हचच्या जाहिरातीत मुलामागून चालणारा पग सगळ्यांनी पाहिला आणि घरोघरी पग आले. चेहरा आवडला, पण त्याच्या श्वासाची घरघर कोणी ऐकली?

म्हणून आपण प्रश्न उलटा करू. मला कोणता आवडतो, हे राहू द्या. माझ्या घरी, इथल्या हवेत, कोणता सुखानं जगेल?

आधी पग. सहा-आठ किलोचा, मांडीवर मावणारा. फार चालावं लागत नाही, म्हातारी माणसं त्याला सहज आवरू शकतात. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, तोंडा-नाकातला ओलावा वाफ होऊन उडतो आणि अंग थंड होतं. पगचं नाक माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केलं. आतला टाळूचा मऊ भाग मात्र त्या मानानं आखूड झाला नाही. त्यामुळे हवेची वाटच अरुंद. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा, जिथे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथे त्याच्या जिभेवरचा ओलावा कसा उडणार? वैशाखातल्या दुपारी त्याला किल्ल्याची चढण चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात त्याच्या चेहऱ्यावरच्या घड्या रोज कोरड्या पुसाव्या लागतात, नाहीतर चिघळतात.

आता लॅब्रेडॉर. नाक लांब, श्वास मोकळा, स्वभाव गोड, पाण्याची हौस. पण वजन पंचवीस-तीस किलो आणि त्याहून जास्तही. मांजर दिसलं की साखळीला असा हिसका देतो, की सत्तरीतला माणूस चिऱ्याच्या पायरीवर आपटेल. रोज तासभर तरी चालवायला हवं, मग बाहेर आषाढातला पाऊस कोसळत असला तरी. खाण्याचं तर विचारू नका. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रेडॉरमध्ये भूक शमल्याची जाणीव मंदावणारा एक जनुकीय बदल असतो. आजीनं मायेनं दिलेली प्रत्येक भाकरी त्याच्या सांध्यांवर जाऊन बसते.

काही गोष्टी दोघांनाही लागू आहेत. गोचीड रोज बघायची. रेबीज आणि लेप्टोची लस चुकवायची नाही. रात्री कुत्रा घरातच हवा, कारण बिबट्याला पग काय आणि लॅब्रेडॉर काय, सारखेच. दगडांच्या गडग्याशी हुंगू द्यायचं नाही, तिथे फुरसं असतं. आणि रात्री-अपरात्री रत्नागिरीला न्यायची वेळ आली तर गाडी कोण काढणार, हे आधीच ठरवायचं.

तर मग निवड कशी करायची? घरात चालवणारं तरुण माणूस असेल, तर लॅब्रेडॉर. दोघंच म्हातारे, पण दिवसभर घरात आणि पुसणं-निगा नियमानं होणार असेल, तर पग. तोही नाक त्यातल्या त्यात लांब आणि झोपेत न घोरणारा बघून. तिसराही एक मार्ग आहे. पिल्लूच का हवं? मालकाची बदली झाली, घर बदललं, म्हणून पाच-सहा वर्षांचे शिकलेले, शांत झालेले लॅब्रेडॉर पुष्कळदा नवं घर शोधत असतात.

हे मी मुद्दाम सांगतो. दोन्ही जाती दहा-बारा वर्षं जगतात. माझं वय चौऱ्याहत्तर. आज पिल्लू आणलं, तर त्याच्या म्हातारपणी मी शहाऐंशीचा. असेन तर!

त्या गृहस्थांना मी हे सगळं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे सर, कोणता पाठवू हे मुलानं मला विचारण्याआधी मीच त्याला विचारायला हवं, आमच्यानंतर तू त्याला नेशील का?"

मी म्हटलं, आधी तेवढं विचारा. जात त्यानंतर ठरवू.