मधमाशीचे सोंग घेणारी माशी

लाखनीच्या आसपास धान निघाले, की बांध्यांमध्ये जवस आणि लाखोळी, तर कडेला मोहरी व सांभार फुलू लागतो. या फुलांपुढे हवेत एकाच जागी स्थिर राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची लहानशी माशी आपल्याला दिसते. मुले तिला मधमाशी समजून मागे सरतात. पण ही सिरफिड माशी. तिला नांगी नसते. पट्टे म्हणजे शत्रूला फसवणारे सोंग.

हे सोंग कसे ओळखायचे? मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी संतोलक नावाच्या दोन बारीक गाठी असतात. भिंगातून पंख पाहिला, तर मध्यभागी एक शीर दोन्ही टोकांना मोकळीच राहिलेली दिसते. ही 'आभासी शीर' बहुतेक सर्व सिरफिड माश्यांची खूण आहे.

आता त्यांच्यातील तीन गट पाहू.

१. एपिसिरफस : उदराच्या तिसऱ्या व चौथ्या खंडावर एक जाड आणि एक बारीक असे दोन-दोन काळे पट्टे.

२. इस्किओडॉन : छातीच्या दोन्ही कडांना ठळक पिवळी किनार, उदरावर बारीक जोडपट्टा नाही.

३. एरिस्टॅलिनस : डोळ्यांवर ठिपके किंवा पट्टे; पंखातील एक शीर झोळीसारखी खाली वाकलेली.

केवळ रंगावर विसंबू नये. एपिसिरफसचा कोश थंडीत वाढला, तर माशी अधिक काळपट निघते. नर-मादीतही फरक असतो : पहिल्या दोन गटांत नराचे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात, मादीचे भिडत नाहीत.

ही ओळख कशासाठी? पहिल्या दोन गटांच्या अळ्या पिकावरील मावा खातात. या बिनपायांच्या अळ्यांना कीड समजून फवारणी केली, तर शेतकऱ्याचा मित्रच मरतो. एरिस्टॅलिनसची अळी मात्र साचलेल्या घाण पाण्यात राहते आणि शेपटीसारख्या नळीने श्वास घेते.

मावा पडलेली मोहरीची डहाळी अळीसह रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवा व तोंडाला कापड बांधा. मावा संपला, की नवी डहाळी घाला. अळीचा कोश होईल. त्यातून निघालेली माशी कोणत्या गटातली, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.